भाडेकरूचा कागद

घरमालक होण्याचा योग माझ्या कुंडलीत नव्हता. वडील गेले आणि बीडच्या आमच्या जुन्या घराची मागची खोली रिकामी पडली, म्हणून मी मालक झालो एवढेच. खोलीत एक विधवा बाई दोन मुलींना घेऊन राहावयास आल्या. नवरा ऊसतोडीवर असताना वारलेला. भाडे दरमहा दीड हजार. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही दीड हजारच. सरकारकडून येईल ते माझ्या हाती द्यायचे आणि पोट चार घरची धुणीभांडी करून भरायचे, असा त्यांचा हिशेब.

दीड वर्ष तो बिनचूक चालला. मग एका महिन्यात भाडे आले नाही. दुसऱ्यात नाही; चौथाही कोरडाच गेला. “सरकारचा पैसा घेतात आणि तुमचा बुडवतात,” असे शेजारी सांगू लागले. मलाही ते पटले. आपले सहा हजार अडकले की असले काही चटकन पटते! “नळ बंद करा, आपोआप जातील,” असाही सल्ला मिळाला.

नशीब, त्याआधी एका वकीलमित्राकडे गेलो. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्यानुसार भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. बाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचे, मगच दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सारी बाकी १५ टक्के व्याज व दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, तर त्या कारणासाठी त्याला बाहेर काढता येत नाही.

“ते राहू दे,” मित्र म्हणाला, “तुझा करारनामा कुठे आहे?”

तो नव्हताच. कागद केला की भाडेकरू घर बळकावतो, हे वडिलांचे वचन मी प्रमाण मानले होते.

“कलम ५५ वाच. करार लेखी आणि नोंदलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. शिवाय तुलाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.”

घरी येऊन बाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, “सर, पैसे येतच न्हाईत. नाव गावाकडून इकडं लावायचं, तर कचेरीत राहण्याचा कागद मागतेत. तुमच्याकडं दोनदा आले होते की.”

आल्या होत्या. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. “नंतर बघू,” म्हणून मीच त्यांना परत लावले होते. भाडे कोणी बुडवले, ते मला त्या क्षणी उमगले.

पुढच्याच आठवड्यात माझ्या खर्चाने करार नोंदवला. अनुदान सुरू व्हायला आणखी तीन महिने लागले. जुनी बाकी बाई दरमहा शंभर-दोनशेंनी फेडतात. मी पावती देतो, त्या ती देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवतात.

आमची ही मात्र म्हणते, “अहो, एवढा कागद तर आपल्या लग्नालाही लागला नव्हता!”