प्राप्तिकर-निर्धारणाचे अपिलोत्तर पुनरीक्षण

प्राप्तिकराच्या निर्धारणाविरुद्ध करदात्याने केलेल्या अपिलाचा निर्णय झाल्यानंतर मूळ निर्धारण-आदेश पुन्हा तपासण्याचा व बदलण्याचा आयुक्ताचा अधिकार आणि त्या अधिकारावरील कायदेशीर मर्यादा. भारतात हा विषय मुख्यतः प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील कलम २६३ व त्यावरील न्यायनिर्णय यांच्या आधारे विकसित झाला.

निर्धारण अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध पहिले अपील करण्याचा हक्क करदात्यालाच असतो. खात्याला तो नसतो. अधिकाऱ्याने चुकीने कमी कर आकारल्यास महसुलाची हानी भरून काढण्यासाठी १९२२ च्या अधिनियमात १९४८ साली कलम ३३ ब घालण्यात आले. त्याचेच पुढील रूप म्हणजे कलम २६३ होय. त्यानुसार आदेश चुकीचा असला पाहिजे आणि तो महसुलाच्या हितास बाधकही असला पाहिजे. या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मलबार इंडस्ट्रियल कंपनीच्या खटल्यात (२०००) स्पष्ट केले. कायद्याने दोन मते शक्य असताना अधिकाऱ्याने त्यांपैकी एक स्वीकारले, एवढ्यावरून आदेश चुकीचा ठरत नाही. करदात्याला म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक असून, आदेश ज्या वित्तीय वर्षात झाला त्याच्या अखेरीपासून दोन वर्षांनंतर सामान्यतः पुनरीक्षण करता येत नाही.

अपिलाचा निर्णय झाला म्हणजे आणखी एक मर्यादा उत्पन्न होते. अपील-अधिकाऱ्याने मूळ आदेश कायम केला, बदलला किंवा रद्द केला, तरी त्यानंतर अपिलातील आदेशच अंमलात येतो व मूळ आदेश त्यात विलीन होतो. यास विलयनाचा सिद्धांत म्हणतात. विलीन झालेला आदेश आयुक्ताला बदलता आला, तर अपिलाचा निर्णय प्रशासकीय आदेशाने निष्फळ करता येईल आणि अपिलाच्या हक्काला अर्थ उरणार नाही. अपिलाचा निर्णय खात्याला मान्य नसेल, तर अपील न्यायाधिकरणाकडे जाणे हाच त्याचा मार्ग होय.

मात्र संपूर्ण आदेश विलीन होतो की केवळ अपिलात निर्णीत झालेला भाग, याविषयी दीर्घकाळ मतभेद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तेजाजी फरासराम खारावाला प्रकरणात (१९५३) संपूर्ण विलयनाचे मत स्वीकारले. अमृतलाल भोगीलाल प्रकरणात (१९५८) सर्वोच्च न्यायालयाने मात्र भागीदारी संस्थेच्या नोंदणीचा आदेश अपिलाचा विषयच होऊ शकत नसल्यामुळे तो विलीन होत नाही, असे ठरविले. विलयनाचा सिद्धांत ताठर व सार्वत्रिक नसून अपिलाच्या आदेशाचे स्वरूप व संबंधित कायद्यातील तरतूद यांवर तो अवलंबून असतो, असे त्याच न्यायालयाने मदुराई मिल्स प्रकरणात (१९६७) म्हटले. तरीही उच्च न्यायालयांचे निर्णय परस्परविरोधी राहिले.

संसदेने १९८८ व १९८९ च्या वित्त अधिनियमांद्वारे कलम २६३ च्या स्पष्टीकरणात हा प्रश्न निकालात काढला. अपिलात ज्या बाबींचा ‘विचार व निर्णय’ झालेला नाही, त्यांपुरताच आयुक्ताचा अधिकार शाबूत राहतो. ही तरतूद जुन्या अपिलांनाही लागू होते. श्री अर्बुदा मिल्स प्रकरणात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने तिच्या आधारे निर्णय दिला. उदा., एखाद्या कारखानदाराची घसाऱ्याची मागणी निर्धारण अधिकाऱ्याने अंशतः नाकारली व अपिलात ती पूर्णपणे मान्य झाली, तर घसाऱ्याचा प्रश्न आयुक्ताला पुन्हा उघडता येत नाही. त्याच आदेशात एखादी वजावट चुकीने दिली गेली असेल आणि अपिलात तिचा विचार झाला नसेल, तर तेवढ्यापुरते पुनरीक्षण शक्य असते.

करदात्याच्या बाजूने करावयाच्या पुनरीक्षणाची (कलम २६४) मर्यादा याहून कडक आहे. आदेश आयुक्त (अपील) किंवा न्यायाधिकरण यांच्यापुढील अपिलाचा विषय झाला असेल, तर त्यातील कोणत्याही बाबीसाठी करदात्याला हा मार्ग मोकळा राहत नाही. म्हणजे महसुलाच्या हितासाठी अंशतः विलयन व करदात्यासाठी जवळजवळ पूर्ण प्रतिबंध, अशी विषमता कायद्यात आढळते. त्यामुळे अपील करतानाच सर्व तक्रारी त्यात समाविष्ट करणे करदात्यास आवश्यक ठरते. अभिलेखावरून उघड दिसणाऱ्या चुकीच्या दुरुस्तीस (कलम १५४) मात्र विषयवार मर्यादाच लागू होते : अपिलात निर्णीत झालेली बाब वगळून इतर बाबींत अशी दुरुस्ती करता येते.

अपिलाच्या निर्णयाची अंतिमता आणि योग्य कर वसूल होण्यातील सार्वजनिक हित यांचा मेळ घालणे, हे या नियमांचे प्रयोजन होय. आयुक्ताची कारवाई वैध आहे की नाही, हे ठरविताना म्हणूनच अपिलाच्या आदेशात त्या बाबीचा खरोखर विचार होऊन निर्णय झाला होता काय, हे प्रथम पाहावे लागते.