राग सोयाबीनचा, हप्ता पंधराशेचा

२०२४ साली परभणीनं निवडणुकीचे अंदाज सांगणाऱ्यांची चांगलीच फजिती केली. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा ठाकरे गटाचे संजय ऊर्फ बंडू जाधव यांनी महायुतीच्या महादेव जानकरांना एक लाख चौतीस हजारांवर मतांनी हरवलं होतं. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीच्या हाती फक्त छत्रपती संभाजीनगर लागलं. कारणं सगळ्यांच्या तोंडपाठ होती: सोयाबीनला भाव नाही, आरक्षणाचा प्रश्न पेटलेला, शेतकरी चिडलेला. मग २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला. भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी या तिघांच्याच २८८ पैकी २३० जागा. परभणी जिल्ह्यातल्या चार जागांपैकी महाविकास आघाडीकडे उरली ती एकटी परभणी शहराची.

मधल्या साडेपाच महिन्यांत सोयाबीनचा भाव काही सुधारला नव्हता. केंद्रानं जाहीर केलेला हमीभाव ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, चार हजारांच्या आसपास बोली. मग लोकांनी नवी उत्तरं शोधली. कुणी म्हणालं, लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांत मतं विकली गेली. कुणी म्हणालं, राज्य बुडालं, आता पगारालाही पैसे नाहीत. आजही चहाच्या टपरीवर ही दोन वाक्यं रोज ऐकायला मिळतात. दोन्हींत थोडं खरं आहे, आणि त्या थोड्यापायीच पुढचा सगळा गोंधळ होतो.

"शेतकरी चिडला की सरकार पडतं"

पडतं, कधीकधी. पण राग एका खात्यावर असतो आणि मत दुसऱ्याच खात्यावर पडतं. एका घराचा हिशोब मांडून बघू. पाच एकर कोरडवाहू सोयाबीन, एकरी पाच क्विंटल धरलं तर पंचवीस क्विंटल माल. हमीभावापेक्षा क्विंटलमागं आठशे रुपये कमी मिळाले तर घराचं नुकसान वीस हजारांचं. हमाली, तोलाई आणि ओलाव्याच्या नावाखाली होणारी कापाकापी वेगळीच. त्याच घरातल्या एका बाईला लाडकी बहीण योजनेतून महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला अठरा हजार. एका हातानं गेलेलं जवळपास तेवढंच दुसऱ्या हातानं परत आलं.

फरक आहे तो कुणाच्या हातानं गेलं आणि कुणाच्या हातात आलं याचा. आडत्याची पट्टी बापाच्या नावाची, हप्ता मायच्या खात्यावर. बाप मोंढ्यात सरकारला शिव्या घालतो ते खोटं नाही, आणि मायनं मोबाईलवरचा मेसेज शेजारणीला दाखवला तेही खोटं नाही. अंदाज बांधणारे मात्र मोंढ्यातच उभे होते.

वेळही बघा. योजना जाहीर झाली २८ जूनला, लोकसभेचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. ऑगस्टात जुलै-ऑगस्टचे तीन हजार एकदम आले, आणि आचारसंहिता लागण्याआधी नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते आगाऊ जमा झाले. २० नोव्हेंबरला मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या अनेक बायांच्या खात्यात साडेसात हजार येऊन गेले होते. सोयाबीनच्या बाबतीतही अशीच घाई झाली. सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं, आदल्या हंगामाचं हेक्टरी पाच हजारांचं अनुदान खात्यावर टाकायला सुरुवात केली, आणि मतदानाला पाच दिवस असताना खरेदी केंद्रांवर १२ ऐवजी १५ टक्के ओलाव्याचा माल घ्यायला केंद्रानं परवानगी दिली. तोवर गरजवंतांनी माल विकून टाकलेला होता. पुढं मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क पुन्हा खाली आणलं गेलं, तेव्हा ना निवडणूक होती ना कुणाच्या घरात विकायला सोयाबीन.

"पंधराशेनं निवडणूक फिरवली"

राज्यभराचं काय ते असो, परभणी जिल्ह्यापुरतं हे जरा तपासून घ्यायला हवं. २०१९ मध्ये परभणीतून राहुल पाटील, जिंतूरमधून मेघना बोर्डीकर आणि गंगाखेडमधून राष्ट्रीय समाज पक्षाचे रत्नाकर गुट्टे निवडून आले होते. २०२४ मध्येही हेच तिघे आले. बदलली ती फक्त पाथरी. तिथं काँग्रेसच्या सुरेश वरपुडकरांच्या जागी राष्ट्रवादीचे राजेश विटेकर. राहुल पाटील तर ठाकरे गटाचे, म्हणजे विरोधातले. हप्ता परभणी शहरातल्या बहिणींनाही तेवढाच मिळाला होता. मतं विकली गेली म्हणणाऱ्यांनी या एका जागेचा हिशोब कसा लावायचा?

दुसरी अडचण अशी की जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच धरून तुलना होते. परभणी लोकसभेत जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगीही येतात. लोकसभेच्या मताधिक्याचा आकडा थेट चार आमदारांवर लावला की गणित तिथंच चुकतं.

पैसे वाटले की सत्ता येतेच, असंही नाही. आंध्रात जगनमोहन रेड्डींनी पाच वर्षं बटण दाबून खात्यात पैसे टाकले, आणि २०२४ मध्ये त्यांचे आमदार १५१ वरून ११ वर आले. तेलंगणात रयतु बंधू देणारे चंद्रशेखर राव २०२३ मध्ये हरले. परभणीचा स्वतःचा दाखला आणखी बोलका आहे. २००८ मध्ये केंद्रानं देशभर कर्जमाफी दिली, २००९ मध्ये त्याच आघाडीचं सरकार दिल्लीत परत आलं, पण परभणीनं निवडून दिलं शिवसेनेच्या गणेशराव दुधगावकरांना. इथं शिवसेनेचा धनुष्यबाण, उमेदवार, जात, गावातला गट या गोष्टींना हप्त्याइतकंच, कधीकधी त्याहून जास्त वजन असतं.

आणि विरोधक काही काटकसरीची भाषा करत नव्हते. महाविकास आघाडीच्या आश्वासनांत महिलांना महिन्याला तीन हजार, तीन लाखांपर्यंत कर्जमाफी आणि सोयाबीनला सात हजार होते. महायुतीनं २,१०० रुपये, कर्जमाफी आणि सोयाबीनला सहा हजार म्हटलं. तिजोरीची काळजी असलेल्या मतदारानं जायचं कुठं?

"राज्य दिवाळखोरीत निघालंय"

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. आकडा ऐकून घाम फुटतो. पण तो राज्याच्या सकल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत बसतो. पंजाबचं हेच प्रमाण चाळीसच्या वर आहे. राजकोषीय तूट २.७६ टक्के, म्हणजे तीन टक्क्यांच्या मर्यादेच्या आत. या हिशोबानं महाराष्ट्र बुडालेला नाही.

काळजीची गोष्ट दुसरीकडं आहे, आणि तिची चर्चा कमी होते. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं असा रोजचा खर्च रोजच्या कमाईत भागत नाही. धरण किंवा रस्ता बांधायला काढलेलं कर्ज वेगळं आणि किराणा भरायला काढलेलं वेगळं, एवढं कुठल्याही घरात कळतं. लाडकी बहीणसाठी त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवले होते. सुरुवातीला वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं गेलं होतं. मधले दहा हजार कोटी कुठून वाचले? लाभार्थींची यादी आखडत गेली, आणि २,१०० चा शब्द तर बाजूलाच राहिला.

म्हणून "योजना बंद पडणार" हाही गैरसमजच. अशी योजना कुठलंही सरकार एका रात्रीत बंद करत नाही. ती बारीक होत जाते. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे हप्ते थांबवल्याचं सरकारनंच सांगितलं. त्यांत चौदा हजारांवर पुरुष निघाले, हे वाचून हसावं की रडावं कळेना. जिच्या नावावर शेती आहे आणि पीएम किसान व नमो शेतकरी मिळून महिन्याला हजार मिळतात, तिला बहिणीचे फक्त पाचशे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलेल्या बाईला हप्त्यात हजाराचा फटका. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम याच महाराष्ट्रात चालवली होती. पुढं ई-केवायसी आली. नवरा आणि वडील दोघंही हयात नसलेल्या बाईनं आधार कुणाचा जोडायचा, हा प्रश्न घेऊन बाया केंद्रांवर हेलपाटे घालत राहिल्या. त्यांच्यासाठी वेगळी सोय सरकारला नंतर करावी लागली.

बाकीची कात्री दुसरीकडं लागली. २०२५ च्या गणपती-दिवाळीला रेशनवरचा आनंदाचा शिधा आला नाही. आपल्या खात्याचा निधी वळवल्याची तक्रार सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी मे २०२५ मध्ये जाहीरपणे केली, तेही सरकारात असताना. बिलं थकली म्हणून ठेकेदार रस्त्यावर आले. कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या तीन गोष्टी जास्त सांगून जातात.

"एक रुपयात विमा म्हणजे फुकट विमा"

या प्रकरणात परभणीला जुना अनुभव आहे. २०१७ च्या खरिपात सोयाबीन गेलं, विमा नाही म्हणावा इतका तुटपुंजा आला, आणि २०१८ मध्ये परभणीत शेतकऱ्यांनी आंदोलन केलं. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी परभणीचाच हिशोब देशासमोर मांडला: शेतकऱ्यांनी भरले १९ कोटी २० लाख, राज्य आणि केंद्रानं प्रत्येकी ७७ कोटी, म्हणजे विमा कंपनीकडं गेले १७३ कोटी, भरपाई मिळाली ३० कोटी. त्यावर वाद झाले, पण जिल्ह्याच्या डोक्यात ते आकडे पक्के बसले.

२०२३ च्या खरिपापासून राज्यानं शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. उरलेला हप्ता कंपनीला सरकारी तिजोरीतून जात होता, म्हणजे विमा फुकट नव्हताच, फक्त बिल आपल्याला दिसत नव्हतं. रुपयात अर्ज म्हटल्यावर नसलेल्या पिकाचे, दुसऱ्याच्या जमिनीचे, गायरानाचेही अर्ज आले. मग २०२५ च्या खरिपात सरकारनं दोन गोष्टी एकदम केल्या. एक रुपया गेला आणि खरिपाचा २ टक्के हिस्सा परत आला. हेक्टरी ५८ हजारांचं संरक्षण धरलं तर १,१६० रुपये. याची बोंब झाली. दुसरी गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षातच आली नाही. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं, काढणीनंतरचं नुकसान ही भरपाईची कारणं काढून टाकली गेली. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे अख्ख्या मंडळाची सरासरी.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. नदीकाठची शिवारं पाण्याखाली गेली, काढायला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं. आदल्या वर्षाच्या सवयीनं लोक ७२ तासांत तक्रार नोंदवायला मोबाईल घेऊन बसले, पण त्या तक्रारीला आता जागाच नव्हती.

७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत. खात्यात पैसे आले की "विमा आला" असं सर्रास म्हटलं जातं. तो विमा नव्हे. ते अनुदान, सरकार ठरवेल तेव्हा आणि ठरवेल तेवढं. विमा हा करार असतो, त्यासाठी दाद मागता येते, ग्राहक आयोगात जाता येतं. हक्काची वाट अरुंद झाली आणि मेहरबानीची रुंद झाली, माझ्या मते २०२५ मधला सगळ्यात मोठा बदल हाच. आणि त्यावर मोर्चे निघाले ते मुख्यतः रकमेसाठी.

"कर्जमाफी झाली की सातबारा कोरा"

सगळ्यांचा नाही, कधीच नाही. २०१७ ची योजना दीड लाखापर्यंत, २०१९ ची महात्मा फुले योजना दोन लाखांपर्यंत आणि तीही ठरावीक तारखांमध्ये उचललेल्या, ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेल्या पीककर्जापुरती. दोन लाखांच्या वर गेलेला वंचितच राहिला. नियमित फेडणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मिळायला २०२२ उजाडलं. सावकाराचं, खत दुकानदाराचं आणि बचत गटाचं देणं यात कुठंच बसत नाही, आणि कोरडवाहू गावात गळफास आवळणारं कर्ज बहुधा तेच असतं.

यातली खरी जोखीम घोषणा आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या काळात असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जमाफीचा शब्द दिला. २८ मार्च २०२५ ला त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार म्हणाले, ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा. ऑक्टोबरात शेतकरी नेते बच्चू कडूंनी नागपुरात रस्ता अडवला, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ असं सांगितलं. या दीड वर्षात ज्यानं शब्दावर विश्वास ठेवून नवं-जुनं केलं नाही, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचललं नाही, तो थकबाकीत गेला. बँकेनं त्याला पेरणीसाठी नवं कर्ज दिलं नाही आणि बिनव्याजी पीककर्जाची सवलतही गेली. ज्यानं आठ दिवसांसाठी हातउसने आणून नवं-जुनं केलं, त्याचं खातं नियमित झालं, आणि थकीत कर्जासाठी येणारी माफी नियमित खात्याला लागू होत नाही.