ताडपत्रीची निगा : धुलाई, जलरोधन आणि साठवण

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील हरसूल आणि त्याभोवतालचे पाडे हा अतिपावसाचा डोंगराळ प्रदेश होय. वर्षाकाठी येथे सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भात, नागली, वरई, उडीद व खुरासणी ही येथील मुख्य पिके. ती बव्हंशी पावसाच्याच पाण्यावर येतात. त्यामुळे पाऊस येथील शेतकऱ्याचा अन्नदाता आहे. परंतु पीक कापून खळ्यावर आले की तोच पाऊस त्याचा वैरी होतो. हळवे भात आश्विनात कापणीस येते, तेव्हा परतीचा पाऊस पुरता सरलेला नसतो. दुपारी ऊन, सायंकाळी ढग आणि रात्री सर, अशा दिवसांत वर्षाचे धान्य व शेतकरी यांच्यामध्ये एकच वस्तू उभी असते. ती म्हणजे ताडपत्री.

पूर्वी या भागात अंगावर बांबूच्या कामट्यांचे व पानांचे इरले आणि घोंगडी, तर खळ्यावर पेंढ्याचे आच्छादन असे. पुढे ताडपत्री आली. हा शब्द ताडाच्या पानावरून आला असावा असे वाटते. वस्तुतः तो इंग्रजी ‘टारपॉलिन’ या शब्दाचे मराठी वळण आहे. खलाशी जाड कापडास डांबर लावून जहाजावरील माल झाकीत, त्यावरून तो शब्द रूढ झाला. आज मात्र ताडपत्री या एकाच नावाखाली बाजारात अनेक जातींची कापडे विकली जातात आणि त्या सर्वांना एकच उपचार केला जातो. बहुतेक नुकसानीचे मूळ येथेच आहे.

हरसूल भागात ताडपत्रीचे काम खळ्यापाशी संपत नाही. मळणी आटोपल्यावर अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी व निफाड तालुक्यांत जातात. तेथे बागेच्या कडेला पाल ठोकून चार-पाच महिने काढावे लागतात. खळ्यावर ज्या ताडपत्रीने धान्य राखले, तीच मग लेकराबाळांच्या डोक्यावरचे छप्पर होते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्यात गारांसह अवकाळी पाऊस झाला. अशा रात्री पालाचे कापड गळू लागले तर आसऱ्यास दुसरी जागा नसते. म्हणून ताडपत्रीची निगा ही किरकोळ बाब समजू नये.

खरा शत्रू : ओली घडी

कापड पावसाने खराब होते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सुती कापड पावसात भिजल्याने सहसा कुजत नाही. ते ओले असताना घडी करून ठेवल्याने कुजते. कापसाचा धागा सेल्युलोज या द्रव्याचा बनलेला असतो आणि ओल, ऊब व कोंडलेली हवा मिळाली की बुरशी हे द्रव्य खाऊ लागते. प्रथम काळे ठिपके दिसतात, नंतर कुबट वास येतो आणि अखेरीस कापड बोटाच्या दाबाने फाटते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू दमट हवेत झपाट्याने कुजू लागले. शास्त्रज्ञांनी त्या कुजक्या कापडातून एक बुरशी वेगळी काढली. ती पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसी’ या नावाने ओळखली गेली आणि सेल्युलोज पचविणारी विकरे तयार करण्यासाठी आज ती कारखान्यांत वाढविली जाते. शेतकरी बियाण्यास किंवा जमिनीत जे ट्रायकोडर्मा वापरतात, ते याच कुळातील होय. शेतात उपकारक ठरणारे हे कूळ ओल्या कापडाचा मात्र फडशा पाडते. यास्तव पहिला नियम असा की, ताडपत्री दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळल्याशिवाय तिची घडी करू नये. पावसामुळे नाइलाज झालाच तर ती सैल गुंडाळावी आणि ऊन पडताच उघडून पसरावी.

प्रथम कापड ओळखा

उपचारापूर्वी कापडाची जात ओळखावी. कडेचा एक सुटा धागा काढून, ताडपत्रीपासून दूर, आगकाडीने पेटवून पहावा. कागद जळाल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख पडली तर धागा कापसाचा किंवा तागाचा समजावा. धागा आक्रसून वितळला व थंड झाल्यावर त्याची कठीण गोळी झाली, तर तो प्लॅस्टिकचा किंवा अन्य कृत्रिम धागा समजावा. हाताला मेणचट लागणारे व नखाने ओरखडले असता पांढरी रेघ उमटणारे कापड मेण लावलेले असते. तपकिरी, काहीसे चिकट व जवसाच्या तेलाचा वास येणारे कापड तेल पाजलेले असते.

त्यानंतर पाण्याची परीक्षा करावी. कापड ताणून त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. थेंब मोत्यासारखे गोल होऊन घरंगळले तर कापडाचा जलरोध शाबूत आहे. पाणी पसरून कापड काळसर पडले, तर ते धुऊन पुन्हा जलरोधक करण्याची वेळ झाली असे समजावे.

धुण्याची रीत

सुती ताडपत्री आधी कोरडीच झाडावी. माती, शेण व पालापाचोळा नरम कुंचीने काढावा. पाणी आधी टाकल्यास मातीचा चिखल होऊन तो विणीत बसतो. त्यानंतर साध्या थंड पाण्याने धुवावे. कपडे धुण्याची पूड वापरू नये. तिचा अंश धाग्यात राहतो आणि तो पाण्यास वाट करून देतो, त्यामुळे धुतलेली ताडपत्री पूर्वीपेक्षा अधिक गळू लागते. दगडावर आपटणे व पिळणे हेही टाळावे, कारण त्यामुळे वीण सैल होते आणि लावलेला थर फुटतो.

बुरशीचे डाग असल्यास लिंबाचा रस व मीठ एकत्र करून त्या जागी चोळावे, काही तास उन्हात ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. डाग पूर्ण गेला नाही तरी चिंता करू नये. बुरशी मरणे महत्त्वाचे, डाग जाणे नव्हे. विरंजक चुन्याचा वापर शक्यतो टाळावा, कारण त्याने डागाबरोबर धाग्याचे बळही जाते.

मेणी व तेल पाजलेल्या कापडास गरम पाणी, साबण व रॉकेल यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. ओल्या फडक्याने पुसणे एवढेच त्यास पुरेसे असते.

सुती कापडाचे जलरोधन

नव्या सुती कापडास वापरण्यापूर्वी दोनतीन वेळा भिजवून वाळवावे. कापसाचा धागा भिजल्यावर फुगतो, त्यामुळे वीण दाट होते आणि शिवणीतील सुईची भोके बुजतात. गळती बहुधा कापडाच्या मधून होत नाही, तर शिवणीतून होते, हे ध्यानात ठेवावे. भिजलेल्या सुती पालाच्या आतल्या बाजूस हात किंवा सामान टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या जागेतून पाणी आत उतरू लागते.

*साबण व तुरटीची कृती* : ही रीत स्वस्त असून तिला लागणारे पदार्थ किराणा दुकानात मिळतात. धुण्याचा साधा वडीचा साबण अर्धा किलो किसून ८ लिटर गरम पाण्यात विरघळवावा. स्वच्छ धुऊन वाळविलेल्या कापडावर हे पाणी दोन्ही बाजूंनी कुंचीने भरपूर लावावे. कापड अर्धवट सुकल्यावर अर्धा किलो तुरटीची पूड ८ लिटर पाण्यात विरघळवून तेही तसेच लावावे आणि कापड ताणून वाळवावे. साबण व तुरटी यांच्या संयोगाने धाग्यांवर पाण्यात न विरघळणारा, मेणासारखा एक पदार्थ जमतो आणि तोच पाण्यास अडवितो. हा पदार्थ तेल-चरबीपासून केलेल्या खऱ्या साबणापासूनच बनतो. धुलाईच्या पुडीने ही क्रिया घडत नाही. वरील प्रमाण साधारणतः ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब कापडास पुरते. पाणी जड असेल तर साबणाचा फेस न होता साका बनतो, म्हणून साठविलेले पावसाचे पाणी घेणे इष्ट. या रीतीने आलेला जलरोध कायमचा नसतो. दर वर्षी वैशाखात पाण्याची परीक्षा घेऊन गरजेप्रमाणे ती पुन्हा करावी.

*मेणाची कृती* : शिवणी, घड्यांच्या रेघा आणि दोर बांधण्याची भोके यांना मेण उत्तम. मेणबत्तीचा तुकडा शिवणीवर दोन्ही बाजूंनी जोराने घासावा. नंतर सपाट बुडाच्या तांब्यात उकळते पाणी घेऊन तो इस्त्रीसारखा त्यावरून फिरवावा, म्हणजे मेण वितळून धाग्यांत मुरते. सबंध कापडास मेण द्यावयाचे असल्यास अर्धा किलो मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. ते भांडे विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत नेऊन मगच त्यात ४ लिटर टर्पेंटाईन मिसळावे आणि मिश्रण कुंचीने लावावे. टर्पेंटाईनची वाफ पेट घेते, म्हणून जवळ चूल, कंदील वा विडी असू नये. मेणी कापड पुढेही विस्तवाजवळ नेऊ नये. ज्या पालात चूल पेटते, त्या पालास सर्वांगी मेण देणे धोक्याचे आहे.

*जवसाचे तेल* : हे तेल हवेत सुकून त्याचा चिवट पापुद्रा बनतो, म्हणून ते पूर्वापार वापरात आहे. परंतु सुकताना ते उष्णता सोडते. तेल लावलेले कापड व चिंध्या ओल्या असताना ढीग करून ठेवल्यास त्या आपोआप पेटू शकतात. अशी ताडपत्री पूर्ण सुकेपर्यंत दोरीवर पसरून ठेवावी आणि चिंध्या पाण्यात बुडवाव्यात.

*झाडांच्या सालीचा काढा* : कोकणातील कोळी आपली सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात घालीत, युरोपातील मच्छिमार शिडे व जाळी यांना खैराचा कात देत. सालीतील तुरट द्रव्य बुरशीस आवर घालते. मात्र या काढ्याने कापड टिकते, जलरोधक होत नाही. शिवाय उभ्या झाडाची साल काढल्यास झाड मरते. ज्याचे फायदे थोडे आणि हानी मोठी, असा हा मार्ग आता सोडून देणेच बरे.

प्लॅस्टिकची ताडपत्री

आज हरसूल परिसरात प्लॅस्टिकच्या ताडपत्र्याच अधिक दिसतात. त्या हलक्या असतात व कुजत नाहीत, परंतु ऊन त्यांचा काळ ठरते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि घडीच्या रेघांवर प्रथम चिरते. यास मेण, तेल वा तुरटी लावून काहीही लाभ होत नाही. साध्या पाण्याने, फार तर किंचित साबणाने धुवावे, सावलीत वाळवावे आणि दर वेळी घडीची जागा बदलावी. भोक दिसताच ती जागा पुसून कोरडी करावी व दोन्ही बाजूंनी ताडपत्रीची चिकटपट्टी लावावी. खरेदी करताना भारतीय मानक चिन्ह पहावे. प्लॅस्टिकच्या विणलेल्या ताडपत्रीसाठी मानक क्रमांक ७९०३ व सुती ताडपत्रीसाठी २०८९ आहे. अनुदानाच्या चालू योजनांची चौकशी तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी.

गोणपाट हे जलरोधक करण्याजोगे कापड नव्हे. ताग भिजला की त्याचे बळ घटते. त्याचा उपयोग धान्याखाली किंवा ताडपत्रीखाली अस्तर म्हणून करावा.

खळ्यावर घ्यावयाची काळजी

ओलसर भात प्लॅस्टिकखाली झाकून ठेवल्यास धान्याची वाफ कापडाच्या आतल्या बाजूस साचून परत धान्यावर गळते. पाऊस आत आला नाही तरी धान्य भिजते, तापते व त्यास बुरशी लागते. म्हणून ढिगाच्या मध्यावर बांबूचा आडोसा करून कापड धान्यापासून वर उचलून धरावे, दोन्ही टोकांस हवा खेळू द्यावी आणि ऊन पडताच आच्छादन काढावे. ढिगाभोवती चर खणून पाणी बाहेर काढावे; वरून कितीही उत्तम ताडपत्री असली तरी खालून आलेल्या पाण्यास ती अडवू शकत नाही.

वरची व खालची ताडपत्री निरनिराळी ठेवावी. टर्पेंटाईन, तेल किंवा मोरचुदासारखे बुरशीनाशक लावलेले कापड धान्याखाली कदापि अंथरू नये. तसेच ज्यावर खत वा कीटकनाशक ठेवले, त्या कापडाचाही धान्याशी संबंध येऊ देऊ नये.

साठवण

वाळलेली ताडपत्री मातीच्या भुईवर ठेवल्यास तिला ओल व वाळवी लागते. माळ्यावर ठेवल्यास उंदीर कुरतडतात. ती गुंडाळून, दोन दोरांनी आढ्यास टांगून ठेवणे सर्वांत सोयीचे. महिन्यातून एकदा ती उतरवून उघडावी. द्राक्षबागांकडे निघण्यापूर्वी व परत आल्यावर शिवणी तपासाव्यात, कारण सुईदोऱ्याच्या एका टाक्याचे काम पुढे हातभर चिरेचे होते.

या सर्व कामास वर्षाकाठी दोन दिवस व थोडेसे साबण, तुरटी आणि मेण एवढेच लागते. वैशाखातील ऊन त्यासाठी उत्तम. त्या उन्हात ज्याने आपली ताडपत्री धुतली, वाळविली व तपासली, त्यास आश्विनातील रात्री आभाळ गडगडले तरी धान्याची चिंता करीत खळ्यावर जागावे लागत नाही.