मोडलेल्या पायाची सिंफनी

पाय मोडला म्हणून एखादी बाई खूश झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९३१ च्या जानेवारीत असं घडलं. फ्लॉरेन्स प्राइस तिचं नाव. वय ४३, पदरात दोन मुली आणि नवऱ्याशी नुकताच काडीमोड झालेला. अशात पाय मोडला. तेव्हा तिने एका मैत्रिणीला जे लिहिलं त्याचा मतलब असा, की या निमित्ताने चार दिवस निवांत बसून लिहायला मिळालं. पुन्हा पाय मोडायचं भाग्य आता कधी येणार कोण जाणे!

बाईमाणसाला अंथरुणावर पडून राहायला सबळ कारण लागतं, हे तुम्हाआम्हाला काय सांगायचं? पण फ्लॉरेन्सबाई पडल्या पडल्या नुसत्या स्वस्थ राहिल्या नाहीत. त्यांनी सिंफनी लिहायला घेतली.

सिंफनी म्हणजे पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादकांनी मिळून वाजवायची मोठी रचना. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरते. तिकडच्या अभिजात संगीतात मात्र सारा कारभार कागदावर. व्हायोलिनने काय वाजवायचं, बासरीने कधी गप्प बसायचं, ते सगळं आधी लिहून ठेवायचं, आणि मग प्रत्येक वाद्याची वेगळी नक्कल उतरवायची. म्हणजे कागद गेला की संगीत गेलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

या बाई कृष्णवर्णीय. जन्म ९ एप्रिल १८८७ चा, दक्षिणेकडच्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावचा. वडील दातांचे डॉक्टर, आई पियानो शिकवणारी. घर खाऊनपिऊन सुखी, सुसंस्कृत; पण त्या काळी तिथे कातडीचा रंग आधी बघत. पोरगी हुशार. बोस्टनच्या नामांकित संगीत विद्यालयात तिला प्रवेश मिळाला, तेव्हा नोंदीत गाव लिहिलं गेलं मेक्सिकोतलं! मेक्सिकन म्हणून खपली तर त्रास कमी, एवढाच हिशेब. १९०६ साली ती दोन पदविका घेऊन बाहेर पडली. पुढे अटलांटाच्या महाविद्यालयात संगीत विभाग सांभाळला, १९१२ साली एका वकिलाशी लग्न केलं आणि संसाराला लिटल रॉकलाच परतली.

तिथल्या संगीत शिक्षकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतलं नाही. शिक्षणात कमी होती म्हणून नव्हे, हे सांगायला नकोच. १९२७ साली त्या गावात गोऱ्या जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला. त्यानंतर प्राइस कुटुंबाने मुलींना घेऊन उत्तरेला शिकागो गाठलं.

घटस्फोटानंतर घर चालवायला बाईंनी काय नाही केलं! मूकपटांना ऑर्गनची साथ दिली, शिकवण्या केल्या, टोपणनावाने रेडिओच्या जाहिरातींची गाणीसुद्धा लिहिली. काही काळ मुलींना घेऊन त्या बाँड्स नावाच्या स्नेह्यांकडे राहिल्या. त्या घरची मुलगी मार्गारेट ही बाईंची शिष्या, पुढे स्वतःही नावाजलेली. तिने त्या दिवसांबद्दल सांगून ठेवलंय. कडाक्याच्या थंडीच्या रात्री, स्वयंपाकघरातलं मोठं टेबल, त्यावर पसरलेले कागद, आणि स्पर्धेची तारीख जवळ आली की ज्याला म्हणून स्वरलिपी लिहिता येते असा ओळखीतला जो तो येऊन नकला उतरायला बसायचा. अगदी लग्नघरी पापड लाटायला शेजारणी जमतात तसं!

१९३२ साली त्या सिंफनीला वानामेकर स्पर्धेत ५०० डॉलर्सचं पहिलं बक्षीस मिळालं. आणि १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने, फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली, ती वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. यासाठी पैसा उभा केला तोही एका कृष्णवर्णीय बाईनेच, संगीतसमीक्षक मॉड रॉबर्ट्स जॉर्ज यांनी. मला तर बक्षिसापेक्षा याचंच अप्रूप वाटतं.

एवढं झाल्यावर दारं उघडायला हवी होती ना? तसं झालं नाही. गाणी मात्र गाजली. गायिका मॅरियन अँडरसन हिला वॉशिंग्टनच्या मोठ्या सभागृहाने रंगापायी नाकारलं, तेव्हा ९ एप्रिल १९३९ रोजी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून ७५ हजार लोकांपुढे गायली. त्या कार्यक्रमाच्या अखेरीला फ्लॉरेन्सबाईंनी बांधणी केलेलं एक भक्तिगीत होतं. योगायोग बघा, त्या दिवशी बाईंचा वाढदिवस!

पण मोठ्या रचना पडूनच होत्या. १९४३ साली बाईंनी बोस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक कुसेविट्स्की यांना सरळ लिहिलं, की माझ्या वाटेत दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात कृष्णवर्णीयांचं रक्त आहे; मला सवलत नको, माझं काम तेवढं पारखून बघा. बोस्टन म्हणजे जिथे त्या शिकल्या तेच गाव. कुसेविट्स्कींनी त्यांची एकही रचना वाजवली नाही.

१९५३ च्या जूनमध्ये बाई गेल्या. आणि २००९ साली काय झालं ऐका. शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन गावात एका जोडप्याने एक पडीक घर डागडुजीसाठी घेतलं. झाड कोसळून छताला भगदाड पडलेलं, सामानाची नासधूस झालेली. नशिबाने एक कोपरा कोरडा राहिला होता आणि तिथे कागदांचे गठ्ठे होते. प्रत्येकावर एकच नाव. हे बाईंचं उन्हाळ्यात राहायचं घर! त्या गठ्ठ्यांत व्हायोलिनच्या दोन कॉन्चेर्टो होत्या, चौथी सिंफनी होती. जोडप्याने रद्दीवाल्याला न देता चौकशी केली, म्हणून सारं आर्कान्सा विद्यापीठात पोचलं. चौथी सिंफनी लोकांनी पहिल्यांदा ऐकली ती २०१८ साली, तीही आर्कान्सातच. २०२२ साली पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणासाठी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. दुसऱ्या सिंफनीची पूर्ण प्रत मात्र अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

आता एक करा. फोनवर ती पहिली, मोडक्या पायाची सिंफनी शोधा. सगळी ऐकायला सवड नसेल तर तिसरा भाग लावा, 'जूबा' नावाचा. गुलामांची ढोलकी मालकांनी काढून घेतली, तेव्हा ते टाळ्या वाजवून, मांड्या थोपटून, पाय आपटून ताल धरत. तो नाच या भागात आहे. अगदी ठेका धरायला लावतो, बरं का! तीन-चार मिनिटांचाच आहे, वरणभाताच्या शिट्ट्या होईपर्यंत ऐकून होईल.