माळ्यावरचा व्हिडिओ गेम भंगारात देऊ नका

माळ्यावर पडलेला जुना व्हिडिओ गेम भंगारवाल्याला देण्याच्या विचारात आहात का? थोडे थांबा.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' हे यंत्र काढले. त्याच्या नकला पुढे आपल्या बाजारात आल्या. आज आई-बाप झालेली तुमची मुले त्यावर आळीपाळीने मारिओ खेळली. मध्येच वीज गेली की सारे मुसळ केरात! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरी कुणी नाद सोडला नाही.

१९८५ सालच्या त्या मारिओचा सारा पसारा अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. मोबाइलच्या एका फोटोलाही याहून कितीतरी पट जागा लागते. म्हणून एकच चित्र पांढरे केले की ढग, हिरवे केले की झुडूप. अशी काटकसर आपल्या घरांना नवी नाही.

बदके टिपायची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही, म्हणून ती बिघडली असे समजू नका. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हा मेळ पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीशीच जमतो.

कॅसेट लागली नाही तर तोंडाने फुंकू नका. श्वासातल्या ओलाव्याने तिच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला बोळा, चुलीपासून दूर बसून, हलक्या हाताने फिरवा. पुरते वाळल्यावरच कॅसेट लावा.

यंत्र सुरू झाले की नातवंडांना बोलवा. पहिली पाळी मात्र त्यांच्या आई-बापांना द्या.