जात्यावरची आठ अक्षरे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा 'वैद्यकाबाहेरचे काही लिहा' असे बजावले होते. ते मी मान्य केले खरे. परंतु ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी लिहावयाचे आहे तिची गोडी मला दवाखान्यातच लागली, त्यामुळे विषय पूर्णपणे वैद्यकाबाहेर राहील असे वाटत नाही.

माझे बालपण आणि शिक्षण इंदुरात झाले. घरातील मराठी पुस्तकी वळणाची. राजपुऱ्यात दवाखाना थाटला तेव्हा भाषेची अडचण येईल असे स्वप्नातही आले नव्हते. पहिल्याच आठवड्यात रावेरकडची एक वृद्धा आली आणि म्हणाली, "डाक्टरभाऊ, छातीत लय जयजय व्हते." मला वाटले, आजी देवाचा जयजयकार करीत आहेत. मी हसून मान डोलावली आणि नाडी पाहू लागलो. कंपाउंडरने कानात सांगितले, "साहेब, जळजळ." त्या दिवशी मला एक सूत्र मिळाले: या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. कळ म्हणजे कय, मळमळ म्हणजे मयमय, डोळे म्हणजे डोये. वैद्यकीय महाविद्यालयातील कोणत्याही पुस्तकात हे सूत्र नव्हते. ते पक्के झाले ते एका कॅसेटमुळे: कवयित्री बहिणाबाई चौधरी यांची गाणी, संगीत यशवंत देव, स्वर उत्तरा केळकर.

बहिणाबाई आपल्यापासून दूरच्या नव्हेत. जळगावजवळचे असोदे हे त्यांचे माहेर. जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी लग्न होऊन आल्या आणि तिशीत वैधव्य आले. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले. त्यांपैकी ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व दिले. अक्षरओळख नसलेली ही शेतकरी बाई दळताना, निंदताना, चुलीपुढे बसून गाणी रचीत असे आणि गात असे. गाणे लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा ही वाटणी शहराची. तिच्या घरी तिन्ही कामे एकाच गळ्यात होती. मुलगा कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यातील जे टिपून ठेवले तेवढेच उरले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. ते पाहावयास ती माउली नव्हती. पहिल्या संग्रहात जेमतेम पस्तीस गाणी होती. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने किती रचली असतील, त्याचा हिशेब मनाशी करून पाहावा.

या बोलीस सर्रास अहिराणी म्हटले जाते. जाणकार तिला लेवा गणबोली म्हणतात, आणि आपल्या भागातील लेवा पाटीदार कुटुंबांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता संगीताकडे वळतो. शब्द कागदावर आले, पण तिच्या गळ्यातील चाल आपल्यापर्यंत पोचली नाही. म्हणजे नंतरच्या प्रत्येक संगीतकारापुढे प्रश्न तोच: रचनाकर्तीने स्वतः गाऊन ठेवलेल्या गाण्याला दुसऱ्याने चाल कशी लावावी? पहिले मोठे उत्तर चित्रपटाने दिले. १९६१ च्या अनंत माने दिग्दर्शित 'मानिनी'त वसंत पवारांनी बहिणाबाईंची गाणी घेतली. सुमन कल्याणपूर यांच्या आवाजातील संसाराचे गाणे तेव्हापासून घराघरांत गेले. 'सांगत्ये ऐका'च्या लावण्यांनी गाजलेल्या या संगीतकाराने येथे हात किती आवरता घेतला आहे, हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावर कळते. तरीही ते चित्रपटगीत आहे. पडद्यावरील नायिकेचा चेहरा त्यात मिसळलेला आहे.

यशवंत देवांच्या चालींत तो चेहरा नाही. देवांनी आयुष्यभर ज्या विचाराचा पाठपुरावा केला आणि ज्यावर पुस्तकही लिहिले ती 'शब्दप्रधान गायकी' येथे कसोटीस लागली आहे. त्यांचा नियम असा की गाण्यातील शब्दाला आपला नैसर्गिक आघात मिळाला पाहिजे. सुराने शब्दावर चढून बसू नये. बहिणाबाईंच्या रचनेला हा नियम फार मानवतो. स्त्रियांची परंपरागत ओवी साडेतीन चरणांची. बहिणाबाईंची बहुतेक गाणी मात्र आठ-आठ अक्षरांच्या चरणांत बांधलेली, चार आणि चार अशी सहज दुभंगणारी. आठ मात्रांचा ठेका त्यांना अंगच्या कपड्यासारखा बसतो. मोह असा होतो की, एवढी सोय असल्यावर मधल्या जागा हरकतींनी भराव्यात. देवांनी तो मोह टाळला. ओळ संपते तेथे सूरही संपतो.

मनावरचे गाणे मुद्दाम ऐकावे. त्यात मनाला ओढाळ ढोराची उपमा आहे. उभ्या पिकात शिरणारे, हाकलले तरी पुन्हा परतणारे. ओढाळचा 'वढाय' झालेला आहे, आपलाच 'ळ'चा 'य'. चालही त्या ढोरासारखी फिरून फिरून त्याच बांधावर येते. केळकरांनी 'वढाय' हा शब्द दोनदा उच्चारताना त्यात कुठेही नागर शिष्टपणा येऊ दिलेला नाही, आणि खेडवळपणाचे सोंगही घेतलेले नाही. हे दुसरे अधिक अवघड. मराठीत ग्रामीण गाणे म्हटले की गायिका हेल काढू लागतात. येथे ते नाही. मनाच्या चंचलतेविषयी आपण मानसशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ वाचले. त्या ढोराइतके चपखल वर्णन माझ्या तरी वाचनात नाही.

एक वैद्यकीय विषयांतर. आठच अक्षरे का? छंदशास्त्री आपले उत्तर देतील. माझा तर्क श्वासाचा आहे. जाते ओढणे हे खांदा, पाठ आणि पोट या सर्वांचे काम. खुंटा धरून एक फेरा घेताना छातीचा भाता मोकळा नसतो. त्या फेऱ्यात गाण्यासाठी जेवढा उच्छ्वास शिल्लक राहतो, त्यात आठ अक्षरे बसतात. लांब ओळ जात्यावर टिकलीच नसती. दमेकऱ्याला 'एका श्वासात किती आकडे मोजता येतात' असे आपण विचारतो, त्याचीच ही सुदृढ बाजू.

दोष सांगावयाचा तर तो ठेक्याचाच आहे. ध्वनिमुद्रिकेतील लय आरंभापासून अखेरपर्यंत सारखी चालते. जाते तसे चालत नाही. वैरणीचा मूठभर दाणा तोंडात टाकताना हात थांबतो, दाणे भरडले जाताना फेरा जड होतो, मग हलका होतो. गाणे त्या जडपणाबरोबर रेंगाळते. स्टुडिओतील वादकाकडून ही अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल.

हे निरीक्षण माझे नाही, हे कबूल केले पाहिजे. मी प्रतीक्षाकक्षात पुष्कळ वर्षे ही कॅसेट, पुढे सीडी, हळू आवाजात लावीत असे. तापीपलीकडची एक आजी रक्तदाब दाखविण्यास येत. एकदा त्या आत आल्या आणि प्रकृतीविषयी बोलण्याऐवजी म्हणाल्या, "भाऊ, बाई गोड गाते. पण जातं इतकं पयत नाही." पळत नाही, म्हणजे. मग त्यांनी टेबलाच्या कडेवर डावा हात ठेवून, उजव्याने फेरा धरून, स्वतःच्या दोन ओव्या गाऊन दाखविल्या. बहिणाबाईंच्या नव्हत्या, त्यांच्या आईच्या. मध्ये थांबल्या, जणू दाणा टाकला, आणि पुन्हा उचलल्या. बाहेर दहा-बारा रुग्ण ताटकळत होते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या भागात ते काम ज्यांना अनायासे करता येईल त्यांत दवाखान्यातील माणसे आहेत, कारण म्हाताऱ्या बायका दुसरीकडे कुठे नियमाने येतात? आपली नातवंडे हिंदी आणि इंग्रजी शाळांत शिकतात. 'कय' म्हटले तर ती आजीकडे पाहत राहतात. एमबीबीएस होऊन येणारे तरुण सहकारी तर दुभाष्याशिवाय इतिहासच नोंदवू शकत नाहीत.

माझ्यासमोर त्या दिवशी टेबलावर मोबाइल पडलेला होता. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय होती, हे मला ठाऊकही होते. मी रक्तदाब लिहून घेतला, १५०/९०, गोळीची मात्रा वाढविली आणि पुढच्या महिन्यात यावयास सांगितले. पुढच्या महिन्यात त्यांची सून आली, केसपेपर घेऊन, हिशेब मिटविण्यासाठी. तिला त्या ओव्या येत नव्हत्या.