पैशाचा हुकूमनामा आणि अपिलांतील तहकुबी

खडकीचें नांव घेतांच आपल्या मनासमोर ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई उभी राहते. त्या दिवशीं पेशव्यांच्या फौजेची व इंग्रजांची गांठ पडली, आणि १७ नोव्हेंबरला पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. एवढा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या लढाईच्या मागोमाग पैशाचा एक मोठा दावा उत्पन्न झाला, हें फारसें कोणास स्मरत नाहीं. आजच्या विषयाचें बीज त्या दाव्यांत असल्यामुळें आरंभीं त्याचीच हकीकत सांगतों.

पेशव्यांचे एक अधिकारी होते. इंग्रजी निकालपत्रांत त्यांचें नांव नारोबा गोविंद औटी असें येतें. लढाईनंतर पुण्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रॉबर्टसन यांनीं त्यांचें मोठें धन, तें पेशव्यांचें आहे असें समजून, ताब्यांत घेतलें. नारोबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनीं रॉबर्टसन व माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावर मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दावा लावला. खुद्द एल्फिन्स्टनसाहेबांच्या विरुद्ध निकाल होऊन वादीची सरशी झाली. प्रतिवादींनीं विलायतेंत राजाकडे अपील केलें. आणि १८३० सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. हें धन युद्ध चालू असतांना शत्रूचें म्हणून घेतलेलें आहे, सबब त्याचा न्याय करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाहीं, असें ठरलें.

हा निवाडा योग्य कीं अयोग्य, हा वाद आज आपल्याला करावयाचा नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. एका न्यायालयानें पैसे द्या म्हणून सांगितलें, वरच्या न्यायालयानें देऊं नका म्हणून सांगितलें. मग या दोन निकालांच्या मधल्या काळांत पैसा कोणाच्या हातीं असावा? तो जिंकणाराला देऊन टाकला आणि पुढें निकाल फिरला, तर परत कोठून आणावा? न दिला आणि निकाल कायम राहिला, तर तोंवर हरणाऱ्याजवळ कांहीं शिल्लक राहील कशावरून? अपील चालू असतां हुकूमनाम्याची बजावणी तहकूब करण्याचा जो कायदा आहे, तो याच प्रश्नाचें उत्तर होय.

आतां मोठ्या दाव्यावरून लहान दाव्याकडे वळूं. कल्पना करा, खडकी बाजारांत एका गृहस्थाचें दुकान आहे. खालीं दुकान, वर राहतें घर. दारूगोळ्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका कामगारानें आपल्या आयुष्याची पुंजी त्याला धंद्यासाठीं दिली. पुढें हिशेबाचा तंटा झाला, आणि पुण्याच्या दिवाणी न्यायालयानें कामगाराच्या बाजूनें आठ लाख रुपयांचा हुकूमनामा दिला. दुकानदार म्हणतो, ‘मी निम्मी रक्कम फेडली होती, न्यायालयानें माझ्या पावत्या मानल्या नाहींत. मी अपील करीन.’ त्यानें अपील दाखल केलें आणि तो स्वस्थ बसला. एके दिवशीं बेलीफ जप्तीचा हुकूम घेऊन दारांत उभा राहिला!

अशी फजिती पुष्कळांची होते. कारण अपील केलें म्हणजे हुकूमनामा आपोआप थांबतो असा समज सर्वत्र रूढ आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेंतील ४१ व्या आदेशाचा ५ वा नियम याच्या अगदीं उलट सांगतो. केवळ अपील दाखल झालें एवढ्यानें बजावणी थांबत नाहीं. तहकुबी हवी असेल तर ती स्वतंत्र अर्जानें मागावी लागते, आणि न्यायालयाचा तसा हुकूम व्हावा लागतो.

हा अर्ज कोठें करावा? अपिलाची मुदत संपण्यापूर्वीं, ज्या न्यायालयानें हुकूमनामा दिला त्यालाच पुरेसें कारण दाखवून बजावणी थांबविण्याची विनंती करतां येते. अपील दाखल झाल्यावर मात्र अर्ज अपिलाच्या न्यायालयांत करावयाचा. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयांत तीस दिवसांची व उच्च न्यायालयांत नव्वद दिवसांची आहे. नक्कल मिळण्यास लागलेला अवश्य तो काळ तींतून वगळला जातो. मुदत उलटून गेलेलें अपील असेल, तर विलंबाच्या माफीचा प्रश्न आधीं येतो. आणि प्राथमिक सुनावणीअंतीं अपील ऐकावयाचें असें ठरेपर्यंत तहकुबीहि मिळत नाहीं. दिरंगाईचें प्रायश्चित्त असें दुहेरी असतें.

न्यायालय तीन गोष्टी पाहतें. पहिली, तहकुबी न दिल्यास अर्जदाराचें खरोखरीच भारी नुकसान होईल काय? दुसरी, अर्ज विनाकारण उशीर न लावतां केला आहे काय? तिसरी, पुढें जो अंतिम हुकूमनामा होईल तो पाळला जाईल याबद्दल अर्जदारानें तारण दिलें आहे काय? यांतील पहिल्या गोष्टीविषयीं गैरसमज फार. पैसे देणें जड जातें, एवढ्याला कायदा भारी नुकसान म्हणत नाहीं. पैसे देणें कोणास जड जात नाहीं? मात्र दुकान विकलें गेल्यास चालता धंदा मोडेल, किंवा रक्कम एकदां दिल्यावर ती परत करण्याची ऐपत दुसऱ्या पक्षाजवळ नाहीं, अशा गोष्टी प्रतिज्ञापत्रांत नेमकेपणानें सांगितल्या, तर त्यांचें वजन पडतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९७६ सालच्या दुरुस्तीनें असें ठरविलें कीं, पैशाच्या हुकूमनाम्यावर अपील करणाऱ्यानें, न्यायालय देईल त्या मुदतींत, वादग्रस्त रक्कम न्यायालयांत भरावी किंवा तिच्याबद्दल तारण द्यावें. तें न केल्यास अपील तेवढ्यावरून बुडत नाहीं. परंतु तहकुबीची आशा बहुधा सोडावी लागते. दुकानदाराला हा जुलूम वाटेल. तो म्हणेल, ‘पैसे भरावयाचेच तर तहकुबी कसली?’ पण थोडा विचार केल्यास यांतील न्याय दिसून येईल. न्यायालयांत ठेवलेला पैसा कामगाराचा झालेला नसतो, आणि दुकानदाराचाहि राहिलेला नसतो. तो निकालाची वाट पाहत तटस्थ हातीं पडून असतो. शिवाय रोख भरण्याची ऐपत नसल्यास मालमत्तेचें तारण किंवा बँकेची हमी यांचा मार्ग न्यायालय खुला ठेवूं शकतें. एक सावधगिरी मात्र ठेवावी : तहकुबीसाठीं तारण म्हणून भरलेली रक्कम म्हणजे कर्जाची फेड नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे, म्हणून तेवढ्यानें व्याजाची चिंता मिटली असें कोणी समजूं नये.

प्रसंग निकडीचा असेल, तर दुसऱ्या पक्षास ऐकण्यापूर्वींहि न्यायालय तात्पुरती तहकुबी देऊं शकतें. पण हुकूम मिळाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. तो खालच्या न्यायालयास कळल्यापासूनच लागू होतो. सही झाली शिवाजीनगरला आणि लिलाव चालला आहे दुसऱ्याच ठिकाणीं, असें झालें तर केवळ सहीनें लिलाव थांबत नाहीं. यासाठीं कायद्यानें सोय केली आहे कीं, वरचा हुकूम येऊन पोंचेपर्यंत, तो झाल्याचें अपीलकर्त्यानें स्वतःच्या माहितीवरून केलेलें प्रतिज्ञापत्र खालच्या न्यायालयानें मानावें. हें प्रतिज्ञापत्र त्याच दिवशीं दाखल करावें.

आतां कामगाराची बाजू पाहूं. कारण तोहि आपलाच शेजारी आहे. वर्षानुवर्षें दावा चालवून त्यानें हुकूमनामा मिळविला, त्याला अपिलाच्या नांवाखालीं आणखी तिष्ठत ठेवावें काय? कायदा त्यालाहि विसरलेला नाहीं. आपणांस ऐकल्याशिवाय हुकूम होऊं नये म्हणून त्याला आगाऊ कॅव्हेट दाखल करतां येतें. तें नव्वद दिवस चालतें. दुकानदारानें भरलेली रक्कम, परतीची हमी देऊन, काढून घेण्याची परवानगी तो मागूं शकतो. उलटपक्षीं, बजावणी चालूच राहिली तरी, योग्य कारण दाखविल्यास, परतफेडीबद्दल त्याच्याकडून जामीन घेतां येतो. तसेंच दुकान अथवा घर यांसारख्या स्थावराच्या विक्रीचा हुकूम झाला असेल, तर ऋणकोच्या अर्जावरून, योग्य अटींवर, अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती विक्री थांबविण्यास नियमानें सांगितलें आहे.

स्थावराविषयीं ही विशेष काळजी कां? निकाल फिरल्यास दिलेलें परत मिळविण्याचा हक्क १४४ व्या कलमानें दिला आहे खरा. पण लिलावांत तिऱ्हाइतानें प्रामाणिकपणें घेतलेली मालमत्ता निकाल फिरल्यावरहि त्याच्याकडून काढून घेतां येत नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें १८८७ सालींच ठरविलें, आणि तें तत्त्व आजहि टिकून आहे. अपील जिंकूनहि वडिलांचें घर मात्र गेलें तें गेलेंच, असा प्रसंग त्यामुळें येऊं शकतो. पैसा परत येतो. उंबरठा परत येत नाहीं.

श्रोतेहो, तहकुबी ही मेहरबानी नव्हे, आणि पळवाटहि नव्हे. तो एक सौदा आहे : ज्याला वेळ हवा त्यानें दुसऱ्याचा पैसा सुरक्षित राखावा. म्हणून आपल्यावर कधीं असा प्रसंग आलाच, तर निकालाच्या दिवशींच नकलेसाठीं अर्ज करावा, आठवड्याच्या आंत वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि रक्कम किंवा तारण यांची तजवीज बेलीफ दारीं येण्याची वाट न पाहतां करावी. न्याय वर मिळेलहि. परंतु तो मिळेपर्यंत घर उभें राहिलें पाहिजे, आणि समोरच्याचा पैसाहि बुडतां कामा नये.